भोवतीचे केस उतरवा, मिशी राहू द्या

सप्रेम नमस्कार काका,

माझं वय ४३. राहायला हर्णैला, नोकरी दापोलीत एका पतपेढीत, तीही काउंटरवर. तिशीतच केस जायला लागले. आता कपाळापासून टाळूच्या मागपर्यंत नुसती लव आहे. कानांच्या वर आणि मागे मात्र दाट आहेत. डाव्या बाजूचे केस वाढवून, तेल चोपडून उजवीकडे घेतो. हेल्मेट काढलं की ते एका बाजूला लोंबतात आणि बंदरावर गेलो की वाऱ्याने उभे राहतात. मे महिन्यात भाच्याच्या लग्नात ड्रोनने शूटिंग केलं होतं. त्यात मी स्वतःला वरून बघितलं आणि तेव्हापासून टोपी घालतो. बायको म्हणते, सरळ गोटा करा. मुलगी म्हणते, केसांचा पॅच बसवा. आई म्हणते, बाप जिवंत असताना डोकं भादरायचं नाही. वडील ७४ वर्षांचे आहेत, ठणठणीत. सलूनवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, "आहे तेच ठीक आहे, दादा," आणि दरवेळी तेच कापतो. चेहरा गोल आहे, दाढी रोज करतो, बारीक मिशी आहे, श्रावण पाळतो. गणपतीला मुंबईची सगळी मंडळी येणार, त्याआधी काहीतरी करायचं आहे. काय कापू, किती कापू आणि सलूनमध्ये नेमकं सांगू काय?

– टोपीखालचा, हर्णै


नमस्कार.

तुम्ही फोटो पाठवला नाहीत, पण गरजही नव्हती. रत्नागिरीत आमच्या सलूनच्या खुर्चीत असं डोकं येऊन बसलं नाही असा दिवस जात नाही. डावीकडून उजवीकडे, भरपूर तेल, वर टोपी. टोपी काढताना गिऱ्हाईक आधी आरशात मागे कोण बसलंय ते बघतं, मग काढतं.

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. बाजूचे केस वरच्या केसांपेक्षा लांब ठेवायचे नाहीत, कधीच नाहीत. टक्कल पडलेल्या माणसाच्या कटिंगचा नियम हा एवढाच, आणि तुम्ही गेली काही वर्षं नेमकं त्याच्या उलट करत आला आहात. भोवतीचा गडगा उंच केला की आतलं अंगण आणखीच मोकळं दिसतं, तसं हे आहे. कानावर दाट काळे केस आणि त्यांना लागून उघडी कातडी, अशी रेघ पडली की बघणाऱ्याची नजर त्या रेघेवरच जाते. बाजू उतरवल्या की रेघ पुसट होते. टक्कल तेवढंच राहतं, पण समोरच्याला तुमचे डोळे दिसायला लागतात.

बाजूचेच केस का टिकतात, हे समजलं तर त्यांना जपण्याची धडपडही थांबेल. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनपासून शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन नावाचं हार्मोन तयार होतं. डॉक्टर त्याला डीएचटी म्हणतात. कपाळावरची आणि टाळूवरची केसांची मुळं ज्यांच्यात या हार्मोनला हळवी असतात, त्यांच्यात दर खेपेला येणारा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड येतो. शेवटी तुमच्यासारखी लव उरते. कानांभोवतीची आणि मागची मुळं या हार्मोनला फारशी दाद देत नाहीत. हा वारसा आईकडूनही येतो आणि वडिलांकडूनही, त्यामुळे "मामाला टक्कल होतं ना, मग झालं" हा हिशेब अर्धाच खरा. हेल्मेट, टोपी, विहिरीचं पाणी, खारा वारा यांतल्या कोणामुळेही हे टक्कल पडत नाही. तेव्हा हर्णै-दापोली रस्त्याच्या वळणांवर हेल्मेट डोक्यावरच असू द्या.

आता तुम्ही कुठल्या पायरीवर आहात ते बघू. हॅमिल्टन नावाच्या अमेरिकन संशोधकांनी १९५१ मध्ये पुरुषी टकलाच्या पायऱ्या लावल्या आणि १९७५ मध्ये नॉरवूड यांनी त्या सुधारल्या. आज जगभर त्याच सात पायऱ्या वापरतात. पाचवीत कपाळाकडची मोकळी जागा आणि टाळूवरची मोकळी जागा यांच्यामध्ये केसांचा एक पातळ पूल उरलेला असतो. सहावीत तो पूल जातो. सातवीत कानापासून मागून दुसऱ्या कानापर्यंत फक्त एक पट्टा राहतो, तोही खाली मानेकडे सरकलेला. पत्रावरून तुम्ही सहावीत दिसता. खात्री करायची तर केस ओले करा, पडवीत उजेडात बसा आणि मुलीला वरून आणि मागून फोटो काढायला सांगा. ती ड्रोनपेक्षा जवळून काढेल.

तेल लावून केस आडवे घेण्याचं म्हणाल, तर त्यात तुम्ही एकटे नाही. १९७७ साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका बापलेकांनी चक्क याचं पेटंट घेतलं. बाजूचे केस वाढवायचे, त्यांचे तीन भाग करायचे आणि तिन्ही दिशांनी एकावर एक आणून टक्कल झाकायचं, आकृत्यांसकट. पुढे २००४ मध्ये त्यांना त्याबद्दल इग नोबेल मिळालं. हसू येईल असं संशोधन करणाऱ्यांना देतात ते. पण एक सांगतो, ती युक्ती कोरड्या हवेत, पंख्याखाली आणि मान न हलवता थोडीफार चालते. आपल्याकडे निम्मं वर्ष हवेतच पाणी असतं. खोबरेल लावलेले केस घामाने एकमेकांना चिकटतात, त्यांच्या पाच-सहा वाद्या होतात आणि वाद्यांमधून टाळू चकाकते. तेल लावायचंच असेल तर रात्री लावा, सकाळी धुऊन टाका. कातडीचा कोरडेपणा जाईल, त्यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका. खोबरेलाने टकलावर केस उगवले असते तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यात एकही टकला दिसला नसता.

मापाकडे येतो. सलूनच्या मशीनला जे कंगवे लागतात त्यांचे नंबर असतात. एक नंबर म्हणजे केस ३ मिलिमीटर उरतो, दोन म्हणजे ६, तीन म्हणजे साधारण १०, आणि अर्धा नंबर म्हणजे दीड. कंगवा न लावता फिरवली की झिरो. पाचव्या पायरीवरच्या माणसाने वर दोन आणि बाजूला एक ठेवावं, आणि तो मधला पातळ पूलही त्याच मापात कापावा. त्याचा लळा लावून घेऊ नये. कपाळावर पुढे एक केसांचं बेट उरलेलं असतं, ते वाढवून कोंबडा काढणारे पुष्कळ आहेत. त्यांना मी एवढंच विचारतो, की समोरच्याने बोलताना कोंबड्याकडे बघायचं की तुमच्याकडे? तुमच्यासारख्या सहावीतल्या माणसाला वर एक, बाजूला अर्धा आणि कानालगत झिरो हे माप बसतं. काही महिन्यांनी धीर आला की सगळीकडेच अर्धा नंबर करून बघा, बहुतेक तोच कायम कराल. सातवीत पट्टा काळा असेल तर झिरो किंवा सरळ वस्तरा, आणि पांढरा असेल तर एक नंबरही छान दिसतो.

पांढरा असेल तर, असं का म्हणालो? कारण सगळा खेळ कातडीचा रंग आणि केसांचा रंग यांच्यातल्या फरकाचा आहे. पिकलेला पट्टा कातडीत मिसळून जातो, काळाभोर पट्टा उठून दिसतो. सावळ्या माणसाच्या डोक्यावरचा काळा खुंट फारसा कळत नाही, गोऱ्या माणसाच्या डोक्यावर त्याची सावली स्पष्ट पडते. म्हणजे गोऱ्याने आणखी बारीक कापावं. आणि म्हणूनच पन्नाशीतली माणसं कानावरच्या चार केसांना डांबरासारखा कलप लावून बसली की मला हात जोडावेसे वाटतात. पिकल्यामुळे जी मदत आपोआप होत होती, ती ते पैसे देऊन घालवतात. तुमच्या कल्ल्यांत पांढरे दिसायला लागले असतील तर राहू द्या.

एका दिवसात एवढं उतरवू नका. तुमची टाळू तीनेक महिने टोपीखाली आहे, त्याआधी केसांच्या आडोशाला होती. ती फिकी असणार, आणि चेहरा मोटरसायकलवर रापलेला. एकदम झिरो केलं तर डोक्याला दोन रंग दिसतील आणि पतपेढीत सगळे त्याच्याबद्दलच बोलतील. आधी तीन नंबर, मग दोन, मग एक. शिवाय प्रत्येक डोक्याला काही उंचवटे असतात, कोणाला लहानपणी आंब्यावरून पडल्याची खोक असते. ते सगळं टप्प्याटप्प्याने बाहेर आलेलं बरं.

आता आई. तुमच्या पत्रातला सगळ्यात अवघड भाग हा आहे, मापं काय कोणीही सांगेल. तिला हसू नका आणि "हल्ली असं कोण मानतं" हे तर अजिबात म्हणू नका. तिला काळजी नवऱ्याच्या आयुष्याची आहे, केस हे निमित्त. वडील गेले की मुलगा केस आणि मिशी उतरवतो, हे तिने सासरी-माहेरी किती घरांत बघितलं असेल. भादरलेलं डोकं आणि साफ ओठ असा माणूस बाजारात दिसला की आपल्याकडे आवाज खाली जातो. "काय रे, कोण गेलं?" किंवा फार तर, "तिरुपतीला जाऊन आलात वाटतं?" हा प्रश्न तुम्हाला नको आहे आणि तुमच्या वडिलांसमोर तर कोणीच विचारायला नको.

पण नीट बघा, लोक सुतकाची खूण ओळखतात कशावरून? वस्तऱ्याने तुळतुळीत केलेलं डोकं आणि गेलेली मिशी, या दोन्ही गोष्टी एकदम दिसल्यावर. तुम्ही दोन्ही टाळू शकता. मिशी ठेवायची, किंबहुना वाढवायची. आणि डोक्याला वस्तरा लावायचाच नाही, मशीनने खुंट ठेवायचा. तीन मिलिमीटरचा खुंट हाताला लागतो, डोळ्याला दिसतो. ते बारीक कापलेलं डोकं असतं, पोलिसांचं असतं तसं. मिशीवाल्या, दाढीवाल्या माणसाला कोणी "कोण गेलं" असं विचारत नाही. माझ्या गिऱ्हाइकांत आई-वडील हयात असलेले कितीतरी जण असेच फिरतात आणि त्यांच्या आयांनी आधी तक्रार केली होती, तीही मला दुकानात येऊन. आईला सांगताना "डोकं करतो" असं म्हणू नका, "केस बारीक करतोय, मिशी राहणार आहे" असं म्हणा. आणि जमलं तर वडिलांनाच बरोबर घेऊन सलूनमध्ये जा. ७४ वर्षांचा ठणठणीत माणूस बाकावर बसून पेपर वाचतोय आणि समोर मुलाचे केस उतरतायत, यावर घरी जाऊन आई काय बोलणार? बायकोच्या गोट्याचा विषय मात्र आई-वडील आहेत तोवर मिटवून टाका. तुमच्या घरात तो शोभणार नाही, मग डोक्यावर कितीही शोभो.

जाता जाता, आपल्या पणजोबांना हा प्रश्नच नव्हता. घराबाहेर पडताना डोक्यावर काहीतरी असायचंच, पगडी, पागोटं, मुंडासं, नंतर टोपी. लोकमान्य टिळक १८५६ साली आमच्या रत्नागिरीतच जन्मले. त्यांचे फोटो आठवा, पगडी आणि मिशी एवढंच डोळ्यासमोर येतं. पगडीखाली केस किती, हे कोणाच्या मनातही येत नाही. उघड्या डोक्याने हिंडायची पद्धत आली आणि टकलाची लाज तिच्यामागून आली.

मिशीवरून दाढीकडे. गोल चेहऱ्याला वरचे केस गेले की चेहरा आणखी गोल दिसतो, कारण त्याला वरून उंची देणारं काही उरत नाही. मग लांबी खालून द्यायची. गालांवर दाढी बारीक, तीन मिलिमीटर. हनुवटीवर आठ-दहा. खालची रेघ जबड्याच्या हाडावर मारू नये, त्याने दुहेरी हनुवटी उघडी पडते. ती गळ्याच्या घाटीच्या वर साधारण दोन बोटं असावी. उभट चेहऱ्याच्या माणसाने याच्या उलट करावं, गालांवर भरीव आणि हनुवटीवर आखूड. ज्यांची दाढी विरळ, ठिगळाठिगळाची येते, त्यांनी तीन मिलिमीटरचा खुंट आणि मिशी यावर थांबावं. तुमची बारीक मिशी आता बारीक ठेवून चालणार नाही. मोठ्या मोकळ्या डोक्याखाली पेन्सिलीची रेघ हरवते. ती ओठाच्या कडेपर्यंत भरू द्या.

दाढीचा सांधा कल्ल्यांशी कसा जुळतो यावर सगळं अवलंबून असतं आणि इथेच नवखा कारागीर गडबडतो. कानालगत झिरो, तिथून खाली उतरताना हळूहळू अर्धा, मग एक, मग दाढी. पायरी दिसता कामा नये. पायरी दिसली तर दाढी चिकटवल्यासारखी वाटते. चष्मा असेल तर जाड, गडद फ्रेम घ्या. कपाळ मोठं झालेल्या चेहऱ्याला ती आडवी रेघ फार उपयोगी पडते. भुवयांमधले आडदांड केस आणि कानातले केस दरवेळी कापून घ्या. चाळिशीनंतर डोक्यावरचे जातात आणि कानातले येतात, हा देवाचा काय न्याय आहे ते मला आजवर कळलेलं नाही.

आता दाढी वाढवायची म्हणजे मधले पंधरा दिवस पतपेढीत "आजारी आहात का?" हे ऐकावं लागतं. पण तुम्ही श्रावण पाळता, मग अडचण कुठली? आत्ता आषाढ चालू आहे. याच आठवड्यात जाऊन डावीकडची लांब झुलपं उडवा, सगळीकडे तीन नंबर फिरवा. गटारीच्या आत आणखी एक चक्कर मारून दोन नंबर करून घ्या. मग श्रावणभर हात लावू नका. दाढी वाढेल आणि हर्णैत एक माणूस का म्हणून विचारणार नाही, कारण निम्म्या गावाची वाढलेली असेल. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणजे पिठोरी अमावस्येपर्यंत हनुवटीवर कापण्याजोगं बऱ्यापैकी काही हाताला लागेल. बाजूचे केसही तेवढेच वाढून अवतार होईल, तोवर टोपी चालू द्या. पावसात तिच्याकडे कोणी बघत नाही.

खरी कसोटी अमावस्या ते चतुर्थी या तीन दिवसांची. श्रावण सुटला की अख्खं कोकण सलूनच्या बाकावर येऊन बसतं, शिवाय मुंबईची मंडळी. त्या गर्दीत कारागीर तुमच्या कल्ल्यांच्या सांध्याला वेळ देणार नाही. आधीच त्याच्याशी बोलून प्रतिपदेला शटर उघडतानाची वेळ ठरवून घ्या.

आणि त्या सलूनवाल्यावर रागावू नका. "आहे तेच ठीक आहे" असं तो म्हणतो, कारण गिऱ्हाइकाला टक्कल आहे हे तोंडावर म्हणायचं धाडस छोट्या गावात कोणी करत नाही. उद्या तुम्ही दुसरीकडे गेलात तर? विषय तुम्ही काढा. सांगायचं ते असं: "आडवे घेणं आता बंद. वर एक नंबर, बाजूला अर्धा, कानालगत झिरो. मागे मानेवर सरळ रेघ मारू नको, खाली उतरवत ने. दाढी कल्ल्यात मिसळव." मानेवरची रेघ चार दिवसांत वाढते आणि घाण दिसते, म्हणून ती नको. मोबाईलवर एखाद्या दाट केसांच्या हिरोचा फोटो दाखवायचा मोह होईल. त्यापेक्षा अनुपम खेर यांचा दाखवा. दाढीच्या रेघा मारण्यासाठी ब्लेड लावणार असेल तर नवीन ब्लेड तुमच्यासमोर उघडायला लावा. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात, आणि नवं ब्लेड मागितल्याचा चांगल्या कारागिराला राग येत नाही.

हे माप टिकत नाही, हा त्यातला एकच तोटा. एक सेंटीमीटर महिन्याला म्हणजे तीन दिवसांत एक मिलिमीटर. अर्ध्या नंबरची शान आठवड्यात गेलेली असते. दर आठवड्याला सलूनमध्ये जाणं जमणार नसेल तर घरी चार्जिंगचा ट्रिमर घ्या आणि मागची बाजू बायकोकडून करून घ्या. पावसाळ्यात चार्ज करूनच ठेवा. अर्धं डोकं झाल्यावर लाईट गेली तर टोपी आहेच, पण किती वेळ? ट्रिमर वापरल्यावर पुसून कोरडा ठेवा, खाऱ्या हवेत पातं गंजायला वेळ लागत नाही. ओलसर दिवसांत डोक्यावर घामोळं आणि केसतोड उठतात, तेव्हा रोज डोकं धुवा, हेल्मेटचं आतलं कापड धुवा, आणि मध्ये सुती रुमाल बांधा. फोड आले की बरे होईपर्यंत मशीन लावू नका.

उन्हाचं मात्र मनावर घ्या. केस गेलेल्या टाळूला ऊन सरळ लागतं आणि बंदरावर पाण्यावरून परतूनही येतं. घराबाहेर पडताना चेहऱ्याला आणि डोक्याला ३० किंवा जास्त एसपीएफचं सनस्क्रीन लावा, उन्हातच असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. वर सुती टोपी. ही टोपी उन्हासाठी, त्यामुळे ऑफिसात शिरताना काढायची. टाळूवर न बरी होणारी जखम, खरखरीत चट्टा किंवा बदलणारा तीळ दिसला तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

मुलीच्या पॅचबद्दल. तिने बापाच्या भल्यासाठी सुचवलंय, पण हर्णैत राहणाऱ्या, रोज हेल्मेट घालणाऱ्या माणसाला मी तो सुचवणार नाही. तो गोंदाने किंवा टेपने बसतो, घामाने सुटतो, काही आठवड्यांनी काढून, धुऊन पुन्हा बसवावा लागतो. तिथपर्यंत जाण्या-येण्याचाच खर्च किती होईल. केसांवर शिंपडायच्या भुकटीला चिकटायला मुळात केस लागतात आणि एका सरीत ती कॉलरवर उतरते. औषधांत दोन नावं ऐकाल. मिनॉक्सिडिल मूळचं रक्तदाबाचं औषध, डोक्याला लावण्यासाठी अमेरिकेत १९८८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. फिनास्टेराइडची गोळी १९९७ मध्ये. दोन्ही उरलेले केस राखायला जास्त उपयोगी पडतात. वर्षानुवर्षं गुळगुळीत झालेल्या जागी त्यांच्याकडून फार मिळत नाही, आणि बंद केली की मिळालेलंही जातं. फिनास्टेराइडचे लैंगिक दुष्परिणाम काहींना होतात, म्हणून ती मेडिकलमधून परस्पर आणायची गोळी नव्हे. केसांचं रोपण मागचे केस पुढे लावून करतात. सहाव्या-सातव्या पायरीला झाकायची जागा मोठी आणि देणारी जागा लहान, हे गणित आधी डॉक्टरांकडून समजून घ्या, आणि रोपण करणारा माणूस डॉक्टरच आहे ना तेही. केस गोल चकतीसारखे अचानक गेले, ज्याला आपण चाई म्हणतो, तर तो प्रकारच वेगळा. तिथे सलूनचा सल्ला घेत बसू नये.

मुंबईची मंडळी बोलतील. पहिल्या आरतीपर्यंत बोलतील, नंतर मोदकांकडे वळतील. तुमच्या चुलत्यांपैकी कोणीतरी रात्री पत्त्यांना बसताना हळूच विचारेल, "कुठे केलंस रे हे?" त्याला हर्णैच्या सलूनचं नाव सांगा, आणि चतुर्थीच्या आधीचे तीन दिवस तिथे गर्दी असते हेही सांगा.

शेवटचं, आमच्या धंद्यातलं. केस कमी म्हणून पैसे कमी घ्या, हा विनोद दर दुसरं टकलं गिऱ्हाईक करतं. त्याला वाटतं तोच पहिला. दाट डोक्यावर एखादी कात्री वाकडी गेली तरी झाकून जाते, तुमच्या डोक्यावर अर्ध्या मिलिमीटरचाही खड्डा दिसतो. मेहनत जास्त पडते. तेव्हा पूर्ण पैसे द्या, आणि पहिल्यांदा सांधा नीट जमला तर थोडे वरही.